रामशास्त्री पुणं सोडून गेले तेव्हा

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ७, ८ आणि ९



काल सहाव्या श्लोकाशी थांबलो होतो. यज्ञ, दान, तप सोडायचं नाही, आसक्ती आणि फळ सोडून करत राहायचं, असं आपलं ठाम मत भगवंतांनी तिथे सांगितलं. आजच्या तीन श्लोकांत ते त्यागाचे तीन प्रकार करतात. जे काम आपल्या वाट्याला नेमून आलंय ते भ्रमापोटी सोडलं, तर तो तामस त्याग. काम त्रासाचं आहे, अंगाला तोशीस लागेल, या भीतीने सोडलं तर तो राजस. आणि हे करायलाच हवं एवढ्याच भावनेने काम केलं, त्यातली ओढ आणि फळ तेवढं सोडलं, तर तो सात्त्विक.

आता यात एक गंमत आहे. पहिल्या दोन प्रकारांत माणूस काम सोडतो. तिसऱ्यात काम सोडतच नाही! म्हणजे आपण ज्याला रोजच्या बोलण्यात त्याग म्हणतो, 'मी सोडलं बुवा, मला नको ते' असं म्हणतो, त्याला गीता पहिल्या झटक्यात संशयाच्या खुर्चीवर बसवते. सोडलंस? बरं. का सोडलंस ते सांग.

आठव्या श्लोकात आणखी एक टोचणी आहे. राजस त्याग करणाऱ्याला त्यागाचं फळ मिळत नाही, असं भगवंत सांगतात. काम सोडल्याचं नुकसान तर होतंच, वर त्यागाचं पुण्यही नाही. हे वाचून मी पोथी मिटली आणि बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण पुढे येईलच. त्याआधी रामशास्त्री.

रामशास्त्री प्रभुणे आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतात. माझ्या आजोबांना ते प्रभातच्या १९४४ सालच्या चित्रपटामुळे माहीत होते. गजानन जागीरदारांनी ती भूमिका केली होती, आणि आजोबांच्या डोक्यात रामशास्त्र्यांचा चेहरा म्हणजे जागीरदारांचाच चेहरा. साताऱ्याजवळचं माहुली हे शास्त्रीबुवांचं गाव, कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावरचं. लहानपणी शिक्षण झालं नाही, सावकाराच्या घरी नोकरी केली, तिथे अपमान झाला म्हणून जाणत्या वयात काशीला जाऊन शास्त्र शिकून आले, अशी कथा सांगतात. पुढे पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून लागले आणि १७५९ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. घरात एका दिवसाला पुरेल इतकंच धान्य ठेवायचे, ही त्यांची ख्याती.

त्यांच्या दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. आजच्या श्लोकांसमोर त्या दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या, की त्या एकमेकींशी भांडायला लागतात.

पहिली गोष्ट थोरल्या माधवरावांची. पानिपतानंतर १७६१ मध्ये माधवराव पेशवे झाले, वय सोळा. घर कर्जात, राज्य विस्कटलेलं, काका रघुनाथराव शेजारी टपून बसलेले. अशात या मुलाला जपतपाची गोडी लागली. एकदा रामशास्त्री कामासाठी वाड्यावर गेले तर पेशवे जपाला बसलेले. शास्त्रीबुवा परत फिरले आणि दुसऱ्या दिवशी काशीला जायची परवानगी मागायला आले. माधवरावांना वाटलं, कालचा राग आहे. ते आपली बाजू सांगायला लागले. तेव्हा रामशास्त्र्यांनी जे सुनावलं त्याचा मथितार्थ असा : ब्राह्मणाचं स्नानसंध्येचं आयुष्य जगायचं असेल तर आपण दोघेही गंगेकाठी जाऊ आणि तेच करू. पण या गादीवर बसायचं असेल तर प्रजेचं काम हेच तुमचं अनुष्ठान. माधवरावांनी ऐकलं. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हा प्रसंग नोंदवलाय, त्यामुळे तो निदान दोनशे वर्षांपूर्वीपासून लोकांच्या तोंडी होता हे नक्की.

सातवा श्लोक म्हणजे हीच गोष्ट. आणि बघा, माधवराव काम सोडून चैन करत नव्हते. जप करत होते! मोह म्हटलं की आपल्याला दारू, पैसा, बाई आठवते. इथे मोह जपमाळेचा आहे. आमच्या घरात हे वाक्य आईने वेगळ्या शब्दांत सांगितलंय. सकाळी पोथी वाचायला बसलो आणि गॅस सिलिंडरवाला दारात उभा असला तर ती आतून ओरडते, "अरे, देव कुठे जात नाही, तो माणूस जाईल."

दुसरी गोष्ट १७७३ ची. माधवराव गेले, धाकटे भाऊ नारायणराव पेशवे झाले, आणि वर्षही पुरं झालं नव्हतं तेव्हा ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा खून केला. गणपतीचे दिवस होते. मुलगा अठरा वर्षांचा. त्याच्या अंगावर पडून त्याला वाचवू पाहणारा चाफाजी टिळेकर हा नोकरही मारला गेला. पत्रातलं 'धरावे' खोडून 'मारावे' केलं आणि ते आनंदीबाईंनी केलं, ही 'ध चा मा'ची कथा परंपरेने आली. ती खरी की खोटी यावर इतिहासकार भांडोत. रघुनाथराव मात्र पेशवे झाले.

रामशास्त्र्यांनी चौकशी केली. कोणी सांगितलं म्हणून नाही, ते न्यायाधीश होते म्हणून. पुरावा हाती आल्यावर ते रघुनाथरावांसमोर उभे राहिले. धरायला सांगितलं होतं, मारायला नाही, असं रघुनाथरावांचं म्हणणं. मग प्रायश्चित्त काय, असा प्रश्न आला तेव्हा उत्तर मिळालं : देहान्त. ज्याच्या सहीने आपला पगार निघतो, त्याला तोंडावर मृत्युदंड! आणि मग, जोवर तुम्ही या गादीवर आहात तोवर पुण्यात पाऊल टाकणार नाही असं सांगून शास्त्रीबुवा वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले.

लहानपणी ही गोष्ट ऐकताना इथे टाळ्या वाजायच्या. आज सकाळी मला पहिल्यांदाच प्रश्न पडला. माधवरावांना तुम्ही म्हणालात की गादीवर बसलात तर गादीचं काम करा, गंगेकाठी जायची भाषा करू नका. मग तुम्ही स्वतः कृष्णाकाठी कसे निघून गेलात? तुमचंही काम नेमलेलंच होतं ना?

हा प्रश्न उगाच काढलेला नाही. पुण्याच्या न्यायासनापुढे एकट्या रघुनाथरावांचा खटला थोडाच होता? वतनाची भांडणं, दत्तकाची भांडणं, विधवेच्या स्त्रीधनाची, देणेकऱ्यांची. कुठल्यातरी गावचा माणूस भाकरी बांधून पुण्याला न्याय मागायला आला असेल आणि त्याला कळलं असेल, शास्त्रीबुवा नाहीत. त्याचा काय गुन्हा? राजा खुनी निघाला म्हणून त्याच्या बांधाचा निवाडा का अडावा? ज्या माणसाच्या निवाड्यावर अख्ख्या राज्याचा विश्वास, त्याने खुर्ची रिकामी केली तर ती खुर्ची रिकामी राहत नाही. तिथे कोणीतरी बसतंच. आणि जो बसतो तो बहुधा 'हो जी' म्हणणारा असतो.

दुसरी बाजूही आहे, आणि विचार करता करता मी तिकडेच झुकलो. न्यायाधीश जो निवाडा देतो तो एकट्याच्या नावावर देत नाही, सरकारच्या नावावर देतो. रामशास्त्री तसेच बसून राहिले असते तर रघुनाथरावांना सर्वांत मोठं प्रशस्तिपत्र मिळालं असतं : बघा, रामशास्त्रीसुद्धा आमच्या दरबारात आहेत. त्यांनी दिलेला प्रत्येक खरा निवाडा त्या एका मोठ्या खोट्याला टेकू झाला असता. न्यायापासून सुटलेल्या माणसाच्या नावाने न्याय देणं, हे नेमून दिलेलं काम उरतं का? मला वाटतं, नाही उरत.

पण हे माझं वाटणं एकटं पुरेसं नाही. प्रत्येक पळणारा माणूस असंच म्हणतो, की ते काम आता पूर्वीचं काम राहिलं नव्हतं. मग ओळखायचं कसं?

मला दोन खुणा सापडल्या. एक, क्रम. रामशास्त्र्यांनी आधी चौकशी पुरी केली, मग निकाल सांगितला, तोही समोर उभं राहून, आणि मग निघाले. न्यायाधीशाचं काम तिथे संपतं. शिक्षा अमलात आणणं त्यांच्या हातात नव्हतं, आणि ती अमलात आलीही नाही. बारभाईंनी कारभार हातात घेतला, नारायणरावांच्या मागे जन्मलेला चाळीस दिवसांचा मुलगा पेशवा झाला, रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेला तह केला, त्यातून लढाई पेटली ती १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत. देहान्त प्रायश्चित्त सांगितलेला माणूस त्यानंतर दहाएक वर्षं जगला. फळावर नजर असती तर शास्त्रीबुवा म्हणाले असते, सांगून उपयोग काय? फळावर नजर नव्हती म्हणून सांगता आलं. नववा श्लोक तो हाच. त्यांच्या त्यागातला सात्त्विक भाग पुणं सोडण्यात नाहीये. तो निकाल सांगण्यात आहे.

इंग्लंडच्या थॉमस मोरची आठवण होते. तोही कायद्याचाच माणूस, राजाचा मुख्य अधिकारी. १५३२ मध्ये त्याने पद सोडलं आणि त्या वादावर तोंड मिटून घेतलं. राजाने तेवढ्यावर सोडलं नाही, १५३५ मध्ये त्याचं डोकं उडवलं. मोर थोरच माणूस. पण त्याने आधी पद सोडलं आणि बोलला अगदी शेवटी, शिक्षा ठरल्यावर. रामशास्त्री आधी बोलले. हा फरक मला आजवर कधी जाणवला नव्हता.

दुसरी खूण, ते परत आले. रघुनाथराव गादीवरून गेल्यावर नाना फडणीसांच्या कारभारात रामशास्त्री पुन्हा त्याच आसनावर बसले आणि १७८९ मध्ये वारले. (नाना म्हटलं की आपल्याकडे पालीचा बल्लाळेश्वर आठवतो, दगडी देऊळ त्यांनी बांधवून घेतलं म्हणतात.) कामाला कंटाळलेला, त्रासाला भ्यालेला माणूस परत येत नाही. त्याला वाईजवळचं खेडंच गोड लागतं. ज्याने काम सोडलेलंच नाही, फक्त एका माणसाच्या हाताखाली ते करायचं नाकारलंय, तो अडसर गेला की उठून येतो. त्यांनी जाताना अट सांगितली होती : हा आहे तोवर नाही. अट असलेला त्याग आणि तोंड फिरवून घेतलेला त्याग, दोन्ही लांबून सारखेच दिसतात.

आता माझं सांगतो.

रोजच्या वाचकांना माहीत आहे की मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेल्या तिमाहीत आमच्याकडे कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब ठेवणाऱ्या एका प्रणालीचं काम होतं. टेस्टिंगमध्ये एक चूक सापडली. कर्जदाराने मुदतीआधी थोडी रक्कम भरली, तर काही विशिष्ट तारखांना एका महिन्याचं व्याज जुन्याच शिल्लकीवर लागत होतं. माणशी रक्कम मोठी नाही, कुठे चाळीस रुपये, कुठे दोनशे. पण ते दोनशे रुपये भरणारा माणूस छोट्या कर्जाचा, टेम्पोवाला, शिलाई मशीनवाली. रिलीजची तारीख गळ्याशी आलेली. मला सांगण्यात आलं की या चुकीची नोंद 'गंभीर'वरून 'किरकोळ' करा, पुढच्या रिलीजमध्ये बघू, आणि सही द्या. एक शब्द बदलायचा होता. ध चा मा म्हणा हवं तर.

मी सही दिली नाही. एक मेल लिहिला, चार जणांना, अगदी सभ्य भाषेत. आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या प्रोजेक्टवर बदली मागितली. आठवड्यात मिळाली. घरी येऊन बायकोला सांगितलं, मी ते सोडलं, असल्या पापात मला राहायचं नाही. तिने चहा दिला. मला फार हलकं वाटलं. त्या रात्री झोपही छान लागली.

आता आठवा श्लोक पुन्हा वाचा.

मी का सोडलं? पाप नको म्हणून, हे खरंच. पण त्याहून खरं हे, की रोज मॅनेजरच्या समोर बसून तोच विषय काढायची मला भीती वाटत होती. अप्रेझल जवळ होतं. पेणच्या घराचे हप्ते अजून सतरा वर्षं आहेत. रामशास्त्र्यांच्या घरात एका दिवसाचं धान्य होतं ही गोष्ट आपण त्यांच्या साधेपणाचं कौतुक म्हणून सांगतो, पण तो साधेपणा नुसता नव्हता. ज्याच्या कोठारात काही नाही त्याला घाबरवायचं कशाने? त्यांची निर्भयता त्यांच्या स्वयंपाकघरात तयार झाली होती. माझी भीतीही माझ्या घरातच तयार झालीय, टाइल्स मी स्वतः निवडल्यात.

इथून जवळच, आपल्याच पेण तालुक्यात, गागोदे आहे. विनोबा तिथे जन्मले, १८९५ मध्ये. १९१६ साली त्यांनी शाळा-कॉलेजचे दाखले चुलीत घातले आणि घर सोडलं. आम्हा इंजिनिअरांना ही गोष्ट ऐकताना पोटात खड्डा पडतो. पण याच विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, आणि त्या सगळ्याचा सूर असा की सोडायचं ते फळ, काम नव्हे. दाखले जाळणाऱ्या माणसाने हे सांगितलंय. पुढे तो माणूस जमीन मागत देशभर पायी फिरला. सोडून बसला नाही कुठे.

आज दुपारी मी एक फोन केला. माझ्या जागी जी मुलगी आली तिला. रोह्याची आहे, नोकरीला दोन वर्षं झालीत, दिवा-रोहा गाडीत कधी कधी भेट होते, मला दादा म्हणते. मी विचारलं, त्या व्याजाच्या चुकीचं काय झालं गं? ती म्हणाली, "किरकोळमध्ये टाकली दादा. मीच सही केली."

मी म्हटलं, तुला माहीत नव्हतं मी का गेलो ते?

"नाही. तो मेल मला कुठे होता? तुम्ही इतके काटेकोर, तुम्ही शांतपणे दुसरीकडे गेलात म्हणजे त्यात काही राहिलं नसणार, असं वाटलं मला. म्हणून तर केली सही."

मंडळी, मला पुढे बोलता आलं नाही.

रामशास्त्री पुण्यातून निघाले तेव्हा ते का निघाले हे सगळ्या पुण्याला कळलं. त्यांचं जाणं हाही एक निकालच होता. मी गेलो तेव्हा माझ्या जाण्याची साक्ष उलटी पडली. मी नाही म्हणून उठलो आणि मागच्या माणसाने त्याचा अर्थ हो असा लावला. चार जणांना मेल पाठवून मी स्वतःचे हात धुतले होते, आणि ते पाणी तिच्या अंगावर गेलं. मी सोडलेलं काम कुठे गेलं नव्हतं. ते माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेल्या, नाही म्हणायची माझ्यापेक्षा कमी ताकद असलेल्या माणसाकडे गेलं.

मी तिला सगळं सांगितलं, कुठल्या तारखांना चूक होते तेही. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई नेहमी म्हणते, सही करताना वाचून करावी." तिच्या घरी स्वाध्यायाचं वातावरण आहे. पांडुरंगशास्त्री मूळचे रोह्याचेच, तिथे अशी घरं बरीच. मग तिनेच विचारलं, आता काय करायचं?

काय करायचं हे मला नीट माहीत नाही. ते प्रोजेक्ट आता माझं नाही, सांगायचा अधिकार कागदावर राहिलेला नाही. पण चूक मी शोधली होती, तिचा पुरावा माझ्याकडे आहे, आणि निकाल मी अजून समोर उभं राहून सांगितलेलाच नाही. मी मॅनेजरकडे उद्या अकराची वेळ मागितलीय, पंधरा मिनिटं, समोरासमोर. तिला म्हटलं, तू येऊ नकोस, तुझं प्रोबेशन नुकतंच संपलंय. ती म्हणाली, "सही माझी आहे दादा. मी येणार."

पेणहून सकाळची गाडी पकडायची आहे, म्हणून आज इथेच थांबतो. उद्या दहावा श्लोक. लिहायला रात्र झाली तर समजून घ्या.

राम कृष्ण हरी.